बौद्ध धम्म आणि हिंदू धर्म: साम्य, फरक आणि नेहमीचे घोटाळे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तुलना करताना सर्वात जास्त चूक कुठे होते?

विजोड गोष्टी समोरासमोर ठेवल्या जातात तिथे. एका बाजूला उपनिषदांतले ब्रह्म घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या विहारात बोललेला नवस. किंवा इकडे बुद्धाचा अनात्मवाद आणि तिकडे जत्रेतला बळी. अशा तुलनेतून हवा तो निष्कर्ष काढता येतो, म्हणूनच ती निरुपयोगी असते. तत्त्वज्ञान तत्त्वज्ञानाशी ताडून पाहावे, विधी विधीशी आणि लोकांचा प्रत्यक्ष आचार आचाराशी.

दुसरी चूक म्हणजे दोन्हीकडे एकच मत आहे असे धरून चालणे. हिंदू परंपरेत सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, पूर्वमीमांसा आणि वेदान्त ही सहा दर्शने आहेत आणि त्यांचे एकमेकांशी कडाक्याचे वाद झालेले आहेत. सांख्य जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही. द्वैत वेदान्ताचे ईश्वरावाचून पानही हलत नाही. बौद्धांमध्येही थेरवाद, महायान आणि वज्रयान यांचे ग्रंथ, आदर्श आणि साधना वेगळ्या आहेत. त्यामुळे ‘हिंदू असे मानतात’ किंवा ‘बौद्ध तसे मानतात’ हे वाक्य ऐकले की ‘कोणते?’ हा प्रश्न लगेच विचारावा.

बौद्ध धम्म ही हिंदू धर्माची शाखा आहे का?

नाही. परंपरेची स्वतःची कसोटी लावली तरी उत्तर हेच येते. भारतीय दर्शनांची आस्तिक आणि नास्तिक ही विभागणी वेदांचे प्रामाण्य मानणे किंवा न मानणे यावर झाली आहे, मनुस्मृतीत (२.११) ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असे स्पष्ट म्हटले आहे. बुद्धाने वेदांचे प्रामाण्य नाकारले, म्हणून बौद्ध, जैन आणि चार्वाक ही दर्शने त्या चौकटीबाहेर गणली गेली. ईश्वराचा या विभागणीशी संबंध नाही. सांख्य निरीश्वर असूनही आस्तिक दर्शनांतच मोडते.

पण बुद्धाची शिकवण पोकळीतून आली असेही नाही. गंगेच्या खोऱ्यात त्या काळी श्रमणांचे, म्हणजे घरदार सोडलेल्या साधकांचे, अनेक पंथ होते: निगंठ (म्हणजे जैन), आजीविक आणि इतर. पुनर्जन्म, कर्म, संन्यास आणि ध्यान हे त्या सर्वांच्या चर्चेचे विषय होते. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतम आलार कालामाकडे ‘आकिंचन्यायतन’ आणि उद्दक रामपुत्ताकडे ‘नैवसंज्ञानासंज्ञायतन’ या सूक्ष्म समाधी शिकले. दोन्ही साधल्या, आणि त्यांनी दुःखाचा अंत होत नाही असे दिसल्यावर सोडून दिल्या. आणखी एक लक्षात ठेवावे: आज आपण ज्याला हिंदू धर्म म्हणतो त्यातली पुराणे, मंदिरपूजा आणि भक्तिसंप्रदाय यांचा बराचसा भाग बुद्धानंतर आकाराला आला. दोन्ही परंपरा पुढची हजारेक वर्षे एकमेकींशी वाद घालत आणि एकमेकींकडून घेत वाढल्या.

एकच फरक सांगायचा तर कोणता?

आत्मा. बाकीचे बरेच फरक याच मुद्द्यातून फुटतात.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘तत् त्वम् असि’ हे नऊ वेळा सांगतो: जगाचे जे सूक्ष्म सत्त्व, तोच आत्मा आणि तेच तू आहेस. वेदान्ताचे सगळे संप्रदाय या वाक्याचा अर्थ वेगवेगळा लावतात, पण नित्य आत्मा आहे याबद्दल त्यांच्यात दुमत नाही.

बुद्धाचा दुसरा उपदेश ‘अनत्तलक्खण सुत्त’ सारनाथला पाच भिक्खूंसमोर झाला. त्यातली पद्धत पाहण्यासारखी आहे. माणसाचे पाच घटक (स्कंध) घेतले जातात: रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या घडणी) आणि विज्ञान (जाणीव). प्रत्येकाबद्दल तेच प्रश्न क्रमाने विचारले जातात. हे नित्य की अनित्य? अनित्य. जे अनित्य ते दुःख की सुख? दुःख. मग जे अनित्य, दुःखमय आणि बदलणारे आहे त्याला ‘हे माझे, हा मी, हा माझा आत्मा’ म्हणणे योग्य आहे का? नाही. पाचही घटक असे तपासून झाले की आसक्ती सुटून मुक्ती होते, असे सांगून उपदेश संपतो.

आता उपनिषदातल्या याज्ञवल्क्य ऋषीचे ‘नेति नेति’ (हे नाही, हेही नाही) शेजारी ठेवा. तिथेही एकेक गोष्ट बाजूला सारली जाते, म्हणून दोन्ही पद्धती वरवर सारख्या दिसतात. पण याज्ञवल्क्याला शेवटी द्रष्टा, म्हणजे पाहणारा, उरतो, ज्याला नाकारताच येत नाही. बुद्ध ‘मग उरते काय?’ हा प्रश्नच घेत नाही. आसक्ती सुटली, काम झाले.

यावरून ‘बुद्धाच्या मते काहीच नाही’ असे म्हणणे मात्र चूक. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने ‘आत्मा आहे का?’ आणि मग ‘नाही का?’ असे विचारले, तेव्हा बुद्ध दोन्ही वेळा गप्प राहिला. आनंद या शिष्याला त्याने नंतर कारण सांगितले: एक उत्तर शाश्वतवादाला (आत्मा कायम टिकतो) जाऊन मिळाले असते, दुसरे उच्छेदवादाला (मरणाबरोबर सगळे संपते).

आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा होतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पालीतला मिलिंद, यानेही भिक्षू नागसेनाला विचारला होता.

गीतेचे उत्तर (२.२२) सर्वांना पाठ असते: जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा देही जुने शरीर टाकून नवे घेतो. इथे वस्त्र बदलणारा तोच राहतो. नागसेनाने दिव्याचा दाखला दिला. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच नाही आणि अगदी वेगळीही नाही; एकीच्या आधाराने दुसरी पेटत गेली. बौद्ध मतात असा कार्यकारणाचा प्रवाह पुढे जातो. अविद्येपासून जरामरणापर्यंत बारा कड्यांचा ‘प्रतीत्यसमुत्पाद’ हे त्याचे सविस्तर रूप.

इथे एक पळवाट फार लवकर सापडते: आत्मा नसेल, पण ‘विज्ञान’ तरी एका देहातून दुसऱ्यात जात असेल. साती नावाच्या भिक्खूने नेमके हेच म्हटले होते. मज्झिम निकायाच्या (पाली सुत्तांच्या एका संग्रहाच्या) ३८व्या सुत्तात बुद्ध त्याला सर्वांसमोर फटकारतो. विज्ञानही कारणांवर अवलंबून उत्पन्न होते; डोळा आणि रूप असेल तर चक्षुविज्ञान, कान आणि शब्द असेल तर श्रोत्रविज्ञान. सुटे असे फिरणारे विज्ञान नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विषय आणखी वेगळ्या दिशेने नेला. त्यांच्या मांडणीत पुनर्जन्म म्हणजे शरीर ज्या भौतिक तत्त्वांचे बनते त्यांचे पुन्हा एकत्र येणे. त्यात आत्म्याच्या संक्रमणाला जागा नाही. नवयान बौद्ध (आंबेडकरांची मांडणी मानणारे) आणि परंपरागत थेरवादी यांच्यात या प्रश्नावर खरा मतभेद आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही.

कर्माचा सिद्धांत तरी सारखाच ना?

चांगल्या-वाईट कृतीचे फळ मिळते इथपर्यंत सारखा. पुढे वाटा फुटतात. पूर्वमीमांसेत कर्म म्हणजे प्रामुख्याने वेदविहित यज्ञकर्म, आणि त्यातून ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती तयार होऊन फळ मिळते. वेदान्तात फळ देणारा ईश्वर आहे. गीता फळाची आसक्ती सोडून कर्म करायला सांगते. बुद्ध अंगुत्तर निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात म्हणतो, ‘चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि’: हेतू हेच कर्म. त्यामुळे चालताना नकळत पायाखाली किडा मेला तर बौद्ध मते हत्येचे कर्म होत नाही. मारायच्या इराद्याने काठी उगारली की मनाच्या पातळीवर कर्म सुरू झाले. फळ वाटणारा कोणी नाही.

‘जे जे भोगतो ते सगळे पूर्वकर्माचे’ हे वाक्य बौद्ध मत म्हणून खपवले जाते. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात बुद्ध वेदनांची आठ कारणे मोजतो: पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आचरण, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. कर्म हे आठांपैकी एक. आजाऱ्याला ‘तुझेच भोग’ म्हणण्याआधी ही यादी आठवावी.

बौद्ध देव मानतात का?

जगाचा निर्माता आणि मुक्तिदाता ईश्वर मानत नाहीत. देवलोक आणि देव मात्र पाली ग्रंथांत पानोपानी आहेत. ज्ञानप्राप्तीनंतर उपदेश करावा की नाही अशा विचारात असलेल्या बुद्धाला विनंती करायला ब्रह्मा सहंपती येतो. सक्क, म्हणजे इंद्र, प्रश्न विचारायला येतो. हे देव दीर्घायुषी आणि सुखी आहेत, पण तेही मरतात आणि पुन्हा जन्मतात. मुक्तीसाठी त्यांनाही तोच मार्ग चालावा लागतो.

पुढे बौद्ध धम्माबरोबर हे देव लांबवर गेले. जपानमध्ये सरस्वती ‘बेन्झाइतेन’, ब्रह्मा ‘बोन्तेन’, इंद्र ‘ताइशाकुतेन’ आणि गणपती ‘कांगितेन’ या नावांनी आजही बौद्ध मंदिरांत आहेत.

मोक्ष आणि निर्वाण एकच का?

जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हे साम्य. मोक्षाचे स्वरूप मात्र संप्रदायागणिक बदलते: अद्वैत वेदान्तात जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य कळणे, विशिष्टाद्वैतात नारायणाचे सान्निध्य, द्वैतात मुक्तीनंतरही जीव आणि ईश्वर वेगळेच. निर्वाणाची व्याख्या पालीत राग, द्वेष आणि मोह यांचा क्षय अशी येते. कोणात विलीन होण्याचा किंवा कोणाजवळ पोहोचण्याचा प्रश्न येत नाही. जिवंतपणी ते साधणारा अर्हत आणि अद्वैतातला जीवन्मुक्त यांची वर्णने मात्र खूप जवळ येतात. गीतेतही (२.७२) ‘ब्रह्मनिर्वाण’ हा शब्द आहे, त्यातले ‘ब्रह्म’ काढले की अर्थ बदलतो.

पंचशील आणि योगातले यम सारखेच दिसतात. फरक काय?

पंचशील: प्राणिहत्या, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि मादक पदार्थ यांपासून अलिप्त राहणे. पतंजलीच्या योगसूत्रातले यम (२.३०): अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. तीन जोड्या सरळ जुळतात. चौथ्या जोडीत फरक आहे: गृहस्थाच्या पंचशीलात व्यभिचाराची मनाई आहे, ब्रह्मचर्याची नाही. उपोसथाच्या (पौर्णिमा-अमावास्येसारख्या व्रताच्या) दिवशी अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेतले तर त्या दिवसापुरते ब्रह्मचर्य येते. पाचवे तर वेगळेच, एकीकडे मद्य आणि दुसरीकडे संग्रह. शिवाय पंचशीलाचे शब्द ‘सिक्खापदं समादियामि’ असे आहेत. हा साधकाने स्वतः स्वीकारलेला शिक्षणाचा नियम आहे, वरून आलेली आज्ञा नव्हे.

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे बौद्धांचे चार ब्रह्मविहार योगसूत्रात (१.३३) त्याच चार नावांनी आणि त्याच क्रमाने येतात.

प्राणायाम आणि आनापान यांत काय फरक आहे? दोन्ही एकत्र करावेत का?

प्राणायामात श्वास घडवला जातो: पूरक, कुंभक, रेचक, त्यांचे प्रमाण आणि मात्रा. आनापानात श्वास जसा आहे तसा जाणला जातो. लांब असेल तर ‘लांब’, आखूड असेल तर ‘आखूड’. आनापानसती सुत्तात सोळा पायऱ्या चार-चारच्या गटांत आहेत. पहिला गट शरीराचा, मग वेदना, चित्त आणि शेवटी धर्म (इथे अर्थ: गोष्टींचे स्वरूप), ज्यात अनित्यतेचे निरीक्षण येते.

प्राणायामाची सवय असलेल्याची अडचण ठरलेली असते. तो आनापानाला बसला की नकळत श्वास मोजू किंवा लांबवू लागतो, छाती आवळते आणि डोके जड होते. उपाय साधा: दोन-तीन श्वास मुद्दाम जरा जोरात घ्यावेत, मग पकड सोडून नाकपुड्यांच्या तोंडाशी होणाऱ्या स्पर्शावर लक्ष ठेवावे. मन भरकटले की चिडू नये, परत यावे. दोन्ही करायचे असतील तर वेळा वेगळ्या ठेवाव्यात, एकाच बैठकीत मिसळू नयेत.

सत्यनारायण गोयंका परंपरेतल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात कोणत्याही धर्माच्या माणसाला प्रवेश असतो, पण त्या दहा दिवसांत जप, माळ, पूजा आणि इतर साधना बंद ठेवाव्या लागतात. धर्म बदलण्याची अट नसते.

बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार आहे का?

वैष्णव पुराणांच्या मते होय. बौद्धांच्या कोणत्याही प्रमाण ग्रंथाच्या मते नाही. पुराणांत या अवताराचे कारण काय दिले आहे तेही वाचावे. भागवतात (१.३.२४) तो ‘संमोहाय सुरद्विषाम्’, म्हणजे देवांच्या शत्रूंना भुलवण्यासाठी येतो. जयदेवाच्या गीतगोविंदात सूर वेगळा आहे; तिथे पशुवधाच्या करुणेने यज्ञविधीची निंदा करणारा म्हणून त्याची स्तुती आहे. म्हणजे हिंदू परंपरेतच एक स्वीकार संशयाचा आणि दुसरा आदराचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी हीच कल्पना नाकारते. एखाद्या बौद्ध व्यक्तीला सद्भावनेने ‘बुद्ध आमचाच अवतार’ म्हटले तरी ते का खटकते, हे यावरून समजावे.

जातीबद्दल दोघांची भूमिका काय?

सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात बुद्ध सांगतो: ‘न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो’. जन्माने कोणी नीच होत नाही, जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, कर्माने होतो. ही शिकवण संघाच्या नियमांतही उतरली. ज्येष्ठता उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खू म्हणून दीक्षा, कधी झाली त्यावरून ठरते. शाक्य राजपुत्रांनी आपला मान गळावा म्हणून उपाली न्हाव्याला आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे पुढे त्यालाच वंदन करावे लागेल, असा प्रसंग विनयपिटकात (संघाच्या नियमांच्या ग्रंथात) आहे.

हिंदू ग्रंथांत ऋग्वेदाचे पुरुषसूक्त (१०.९०) वर्णांची उत्पत्ती सांगते, गीता (४.१३) ‘गुणकर्मविभागशः’ म्हणते, स्मृती जन्मावर आधारित कडक नियम घालतात, आणि संतांनी भक्तीच्या अंगणात तो भेद नाकारला. चारही प्रवाह खरे आहेत. त्यातला एकच उचलून ‘हाच हिंदू धर्म’ म्हणणे अप्रामाणिक ठरेल.

बौद्ध समाजही निर्दोष नाही. श्रीलंकेत सियाम निकाय या भिक्खुपंथाची दीक्षा दीर्घकाळ एका जातीपुरती राखलेली होती. विनयातल्या आठ गरुधम्मांनुसार (भिक्खुनींसाठीच्या खास नियमांनुसार) दीक्षा घेऊन शंभर वर्षे झालेली भिक्खुनीसुद्धा त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करते.

बौद्ध असून मांसाहार कसा चालतो?

थेरवादी विनयात भिक्खूला तीन अंगांनी शुद्ध मांस चालते: प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका आलेली नसावी. हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ असे दहा प्रकार तरीही वर्ज्य. देवदत्त या भिक्खूने मांसमासळी सर्व भिक्खूंना बंद करण्याची मागणी केली, बुद्धाने ती मान्य केली नाही. चीनमधल्या महायान विहारांत मात्र पूर्ण शाकाहार आहे. हिंदूंतही वैष्णव आणि शाक्त यांचे नियम परस्परविरुद्ध आहेत.

सणांच्या तिथी एकच का येतात?

पंचांग एकच असल्यामुळे. आषाढ पौर्णिमा हिंदूंना व्यासपौर्णिमा, बौद्धांना सारनाथच्या पहिल्या उपदेशाचा दिवस. भिक्खूंचा वर्षावास दुसऱ्या दिवसापासून तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत. हिंदूंचा चातुर्मास आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने. दोन्हींचे मूळ कारण पावसाळ्यात भटकंती थांबवणे. विजयादशमीला १९५६ पासून धम्मचक्र प्रवर्तन दिनही साजरा होतो.

लेण्यांत बौद्ध मूर्ती कशी ओळखावी?

आधी हात पाहा. उजवा हात गुडघ्यावरून खाली जमिनीला टेकलेला आणि डावा मांडीवर: भूमिस्पर्श, ज्ञानप्राप्तीचा क्षण. दोन्ही हात छातीशी बोटे जुळवून: धर्मचक्र, उपदेश. मग डोक्यावरचा उंचवटा (उष्णीष), भुवयांमधले चिन्ह (ऊर्णा) आणि चीवराची, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राची, कड शोधा. चीवराची कड महत्त्वाची, कारण ध्यानस्थ जैन तीर्थंकराची मूर्ती लांबून तशीच दिसते; दिगंबर मूर्तीवर वस्त्र नसते आणि छातीवर अनेकदा श्रीवत्स असतो.

दागिने आणि मुकुट दिसला की लगेच ‘हिंदू देव’ म्हणू नका. बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचे) दागिन्यांनी मढलेले असतात आणि उत्तरकाळात बहुभुजही. मुकुटात नजर घाला: छोटा ध्यानस्थ बुद्ध असेल तर अवलोकितेश्वर, छोटा स्तूप असेल तर मैत्रेय. शंख, चक्र, गदा असेल तर विष्णू.

वेरूळ हे याच्या सरावाला उत्तम ठिकाण: लेणी क्रमांक १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. १० क्रमांकाच्या चैत्यात (प्रार्थनेच्या लेण्यात) स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे. सुतार कारागीर त्याला विश्वकर्मा मानून पूजत आले, म्हणून त्या लेण्याला ‘सुतार झोपडी’ हे नाव पडले.

भारतीय कायद्यात बौद्ध हिंदू धरले जातात का?

काही कायद्यांपुरते. हिंदू विवाह कायदा १९५५ आणि हिंदू वारसा कायदा १९५६ हे बौद्ध, जैन आणि शीखांनाही लागू आहेत. संविधानाच्या २५व्या कलमातल्या स्पष्टीकरणातही ‘हिंदू’ या उल्लेखात या तिघांचा समावेश केला आहे, पण तो हिंदू धर्मसंस्थांबाबतच्या तरतुदीपुरता. स्वतंत्र धर्म म्हणून बौद्ध १९९३ पासून केंद्राच्या अधिसूचित अल्पसंख्याकांत आहेत. १९९०च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जाही मिळतो.

बौद्ध आणि हिंदू जोडप्याचे लग्न १९५५च्या कायद्याखालीच होऊ शकते. कलम ७ नुसार विधी दोघांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे चालतो. सप्तपदी त्या रूढीचा भाग असेल तरच सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो, त्यामुळे बौद्ध पद्धतीत सप्तपदी झाली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही. धार्मिक विधीच नको असेल तर विशेष विवाह कायदा १९५४ आहे. त्यात नोटीस, ३० दिवसांची मुदत आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. कोणताही मार्ग घेतला तरी नोंदणीचे प्रमाणपत्र जरूर काढावे. पासपोर्ट किंवा वारसाच्या कामात अडते ते इथेच.